दानाचा घोडा आणि त्याचे डोळे

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळालेल्या गोष्टीची चिकित्सा करणे हा कृतघ्नपणा समजला जातो आणि नित्याच्या व्यवहारात ते ठीकही आहे. पण काही दाने अशी असतात की ती स्वीकारणाऱ्याने दात, डोळे आणि देणाऱ्याचा हेतू, सगळेच नीट पाहून घ्यावे. पशुवैद्यकीय विद्यापीठांना दान म्हणून मिळणारे घोडे हे अशा दानाचे उदाहरण होय. अमेरिकेत ही प्रथा चांगलीच रूढ आहे. घोडा म्हातारा, लंगडा किंवा आंधळा होतो, त्याला पोसणे मालकाला जड जाते आणि एका कागदावर सही करून मालक तो विद्यापीठाच्या स्वाधीन करतो. पुढे त्या घोड्यावर विद्यार्थी हात बसवतात, त्याचे रक्त दुसऱ्या आजारी घोड्याला चढवले जाते, किंवा तो संशोधनाच्या कामी येतो. यांपैकी शेवटच्या उपयोगाबद्दल, आणि त्यातही डोळ्यांवरील संशोधनाबद्दल, आम्हांला येथे लिहायचे आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. जे आपले नाही ते आपण दान देऊ शकतो काय, हा तो प्रश्न.

प्रथम रोगाविषयी. घोड्याच्या डोळ्याला एक जुनाट दाह होतो. तो येतो, ओसरतो, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उद्भवतो. डोळ्यातून पाणी गळते, बाहुली आक्रसते, उजेड सहन होत नाही, घोडा डोळा मिटून कोपऱ्यात उभा राहतो. प्रत्येक हल्ल्यानंतर डोळ्यात थोडे नुकसान मागे उरते आणि अखेरीस मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचा नाश होऊन दृष्टी जाते. जगभर घोड्यांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. चंद्राच्या कलांप्रमाणे हा रोग वाढतो-उतरतो अशी समजूत युरोपात शतकानुशतके होती. म्हणून इंग्रजीत त्याला ‘मून ब्लाइंडनेस’ असे नाव पडले. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘इक्वाइन रिकरंट युव्हिआयटिस’ असे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच डोळ्यावर उलटते, हे त्याचे मर्म. या उलटण्यामागे पुष्कळदा लेप्टोस्पायरा या जंतूचा पूर्वीचा संसर्ग असतो. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईकरांना ज्या ‘लेप्टो’ने घाबरवून सोडले, त्याच कुळातला हा जंतू. ॲपलूसा या ठिपकेदार जातीच्या घोड्यांत रोगाचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक आढळते, म्हणजे त्याला आनुवंशिक बाजूही आहे.

घोड्याच्या बाबतीत डोळा म्हणजे काय, हेही लक्षात घेतले पाहिजे. जमिनीवरील सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी घोड्याचा डोळा आहे. तो डोक्याच्या बाजूला असल्याने थेट पाठीमागचा आणि नाकाजवळचा थोडा भाग सोडला तर घोड्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. हा शिकार होणारा प्राणी आहे. संकट आधी दिसावे आणि मग पळावे, यावर त्याचे सारे जगणे उभे आहे. त्यामुळे दृष्टी मंदावली की तो बुजतो, दचकतो, स्वाराला पाडतो आणि मग ‘खोडकर’ ठरतो. ज्याला दुखते आहे त्यालाच दोष लागतो. या रोगावर उपाय शोधणे हे घोड्यांचे मोठे हित आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पुढील सर्व विवेचन हे गृहीत धरूनच वाचावे.

आता उपाय कसे सापडले ते पाहू. दोन वाटा आपल्यासमोर आहेत आणि त्यांतील फरक बोधक आहे. पहिली वाट अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील ब्रायन गिल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. सायक्लोस्पोरिन हे औषध डोळ्यात हळूहळू झिरपत राहावे यासाठी त्यांनी एक लहानशी औषधी चकती डोळ्यात बसवण्याची पद्धत विकसित केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात घोड्यांच्या डोळ्यांत दाह मुद्दाम उत्पन्न करून या औषधाचा परिणाम तपासला होता. पुढे प्रत्यक्ष रोगी घोड्यांत ही चकती बसवली गेली आणि २०१० मध्ये तिच्या दीर्घकालीन परिणामांचा अहवाल आला. आज या शस्त्रक्रियेने अनेक घोड्यांचे हल्ले कमी होतात. दुसरी वाट जर्मनीतील म्यूनिकची. तेथील पशुवैद्यांनी रोगी डोळ्यातला गढूळ झालेला पारदर्शक गर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ती घोड्याच्या उपचारासाठीच होती. पण काढलेला गर फेकून न देता त्यांनी तो तपासला आणि त्यात लेप्टोस्पायरा जंतू सापडले. रोगाच्या कारणाविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा असा उपचाराच्या ओघात हाती आला. त्यासाठी एकाही घोड्याला वेगळे दुखवावे लागले नाही.

पहिली वाट वाईट आणि दुसरी चांगली असा सोपा निवाडा आम्ही करीत नाही. नवे औषध थेट रोगी घोड्याच्या डोळ्यात घालणे, ते त्या डोळ्याला अपाय करील की नाही हे आधी न तपासता, हेही अनैतिकच ठरले असते. कोणत्या तरी टप्प्यावर कोणत्या तरी डोळ्याने पहिली जोखीम घ्यावी लागते. तो डोळा कोणाचा असावा आणि त्याची निवड कशी व्हावी, येथे खरी अडचण सुरू होते. दान मिळालेला घोडा या अडचणीचे फार सोयीचे उत्तर होऊन बसतो, आणि सोयीची उत्तरे नेहमी तपासून घ्यावीत.

‘दान’ हा शब्द येथे किती वेगळ्या अर्थाने आला आहे पाहा. आपल्याकडे नेत्रदान म्हणतात तेव्हा माणूस स्वतःचे डोळे, स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या मृत्यूनंतर देतो. देणारा आणि ज्याचे दिले जाते तो, दोघे एकच असतात. त्या शब्दाची सारी प्रतिष्ठा या एकपणातून आलेली आहे. घोड्याच्या दानात देणारा मालक असतो, डोळे घोड्याचे असतात आणि तो जिवंत असतो. याचे नाते नेत्रदानाशी नाही, गोदानाशी आहे. गोदानात गाईला कोणी विचारीत नसे हे खरे. पण घेणाऱ्याने तिला पोसायचे असते, हा त्या दानाचा अलिखित करार होता. आणि तो करारही मोडला जाई, याची साक्ष थेट कठोपनिषदात आहे. नचिकेताचा बाप यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या, ज्यांचा काहीच उपयोग उरला नाही अशा गाई दान देतो. ते पाहून मुलाच्या मनात शंका उभी राहते आणि तो बापाला विचारू लागतो की मला कोणाला देणार. टाकाऊ झालेले देणे हे दान नव्हे, ही त्या मुलाच्या अस्वस्थतेमागची जाण आहे. अमेरिकेतील आंधळ्या घोड्याच्या दानपत्रासमोर तोच प्रश्न उभा करता येतो.

याला एक उत्तर हमखास मिळते: घोडा नाहीतरी मरणारच होता. या युक्तिवादात तथ्य आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. २००७ साली अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले. त्यानंतर नको झालेले घोडे मेक्सिको आणि कॅनडाकडे लांबच्या प्रवासाने कत्तलीसाठी जाऊ लागले आणि मागोमाग आलेल्या आर्थिक मंदीत घोडे पोसणे अनेकांना परवडेनासे झाले. अशा वेळी विद्यापीठाच्या तबेल्यात दाणापाणी, वैद्यकीय देखरेख आणि शेवटी वेदनारहित मृत्यू मिळणे हे त्या घोड्याच्या दृष्टीने ट्रकमधील प्रवासापेक्षा निश्चित बरे. हे आम्ही मान्य करतो. पण ‘नाहीतरी’ हा शब्द ज्या वाक्यात येतो त्या वाक्यात कोणाची तरी जबाबदारी पुसली जात असते. घोडा मरणार होता तो नियतीने नव्हे. त्याला पैदा करणाऱ्या, राबवणाऱ्या आणि टाकून देणाऱ्या माणसांनी त्याला त्या टोकाला आणले होते. आपल्या एका दुर्लक्षाला दुसऱ्या कृतीचा परवाना बनवणे, हा या युक्तिवादाचा दोष आहे. तो मान्य केला तर जितके घोडे अधिक टाकले जातील तितके संशोधन अधिक नैतिक ठरेल. असे मानायला कोणी तयार होणार नाही.

प्राणी कोठून आला, हा प्रश्न गौण नाही याला इतिहासातही आधार आहे. १९६५ साली पेनसिल्व्हेनियातून ‘पेपर’ नावाची एक डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली आणि न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिचा अंत झाला. त्यावरून उठलेल्या गदारोळातून १९६६ चा अमेरिकेतील प्रयोगपशूंविषयीचा कायदा जन्माला आला. म्हणजे त्या देशात प्रयोगातील प्राण्यांना पहिले मोठे संरक्षण मिळाले ते ‘प्रयोग किती वेदनादायक’ या प्रश्नातून नव्हे, तर ‘हा प्राणी तुमच्याकडे आला कसा’ या प्रश्नातून. पुढे १९८५ च्या दुरुस्तीने प्रत्येक संस्थेत प्रयोगांची आधी छाननी करणारी समिती सक्तीची झाली आणि तिच्यात एक पशुवैद्य आणि संस्थेशी संबंध नसलेली एक व्यक्ती असणे आवश्यक ठरले. या कायद्यात एक विसंगतीही आहे. संशोधनासाठी न वापरल्या जाणाऱ्या घोड्यांना तो लागूच होत नाही. मालकाच्या कुरणात उपेक्षित उभ्या असलेल्या घोड्याला जे संघीय संरक्षण मिळत नाही, ते त्याच घोड्याला प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकताच मिळते. संशोधकांना सरसकट क्रूर ठरवणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

दुसऱ्या टोकाला असणारे म्हणतील: घोडा संमती देऊ शकत नाही, म्हणून त्याच्यावर प्रयोग करूच नये, चर्चा संपली. या भूमिकेचा आम्ही आदर करतो, कारण तिच्यात स्वार्थ नाही. पण ती शेवटपर्यंत नेली तर काय होते? घोडा उपचारालाही संमती देऊ शकत नाही. डोळ्यात औषध घालताना तो मान झटकतोच. तरी आपण औषध घालतो, कारण त्याच्या वतीने त्याच्या हिताचा निर्णय घेणे हे आपण स्वीकारलेले पालकत्व आहे. तेव्हा प्रश्न संमतीच्या अभावाशी संपत नाही. तेथून तो सुरू होतो. ज्याच्या वतीने आपण निर्णय घेतो त्याच्याशी आपली निष्ठा किती, हे पाहावे लागते. उपचारात निष्ठा त्या एका घोड्याशी असते. प्रयोगात ती ‘घोडे’ या जातीकडे सरकते. हे सरकणे कधी क्षम्य असेल, कधी आवश्यकही असेल. पण ते घडते आहे हे लपवू नये. ‘घोड्यांच्याच भल्यासाठी’ या शब्दप्रयोगात एकवचन आणि अनेकवचन यांची जी लबाड अदलाबदल होते, तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. ज्या घोड्याच्या डोळ्यात दाह मुद्दाम उत्पन्न केला, त्याचे भले झालेले नसते. भले दुसऱ्यांचे झालेले असते.

आपल्या मुलुखात ही देवघेव अगदी वेगळ्या रूपात परिचित आहे. सर्पदंशावरची लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तात उत्पन्न झालेली प्रतिद्रव्ये काढून घेतात. आल्बेर काल्मेतने १८९० च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात या लशीशी कायमचे जोडले गेले. रानात साप चावून वाचलेल्या किती शेतकऱ्यांच्या अंगात कोणत्या घोड्याचे रक्त कामी आले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. घोड्याचे आपल्यावर असलेले हे ऋण बोलून दाखवण्याचीही आपल्याला सवय नाही. तेथे घोडा माणसासाठी दुखणे सोसतो; नेत्रसंशोधनात तो निदान घोड्यासाठी सोसतो. तुलनेने दुसरी स्थिती अधिक न्याय्य आहे. पण म्यूनिकमधील अभ्यासकांना घोड्याचा हा रोग माणसाच्या तशाच नेत्ररोगाचा उत्तम नमुना म्हणूनही उपयोगी पडला आहे. म्हणून दान घेताना घोडा कोणासाठी वापरला जाईल, घोड्यांसाठी की माणसांसाठी, हे दात्याला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. ज्याने ‘इतर घोड्यांचे भले होईल’ म्हणून सही केली, त्याची सही दुसऱ्या कामाला लावू नये.

भारतीय कायदा या बाबतीत विचार करायला लावणारा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना बंदी करीत नाही. माणसाच्या, प्राण्यांच्या, इतकेच नव्हे तर वनस्पतींच्याही रोगांवरील ज्ञानासाठी केलेल्या प्रयोगांना तो मोकळीक देतो. पण लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे तो बजावतो. घोड्याचा हा रोग घोड्याचाच असल्याने उंदरावर तो पुरता समजत नाही, एवढा बचाव संशोधक करू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९९८ च्या नियमांत पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी प्रयोगानंतर प्राण्याच्या सांभाळाची आणि पुनर्वसनाची जबाबदारी प्रयोग करणाऱ्यावर टाकली. दयामरण हा अपवाद ठरवला. प्रत्यक्षात हे किती पाळले जाते हा वेगळा विषय. पण तत्त्व म्हणून ते उदात्त आहे. ते सांगते की प्रयोग संपला म्हणजे नाते संपले असे नाही. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौशी सफरीच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हाही ‘आता या घोड्यांचे काय’ हा प्रश्न उभा राहिलाच. ज्याला आपण राबवले त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब मागून कधीतरी द्यावाच लागतो.

तर मग दान घ्यावे की घेऊ नये? आमचे मत असे की घ्यावे, परंतु पुढील अटींवर. पहिली, दानपत्राची भाषा सरळ असावी. ‘विद्येच्या सेवेत निवृत्ती’ अशा गोड शब्दांआड मृत्यू लपवू नये. घोड्याला मारले जाण्याची शक्यता असेल तर ‘मारले जाईल’ असेच लिहावे. हे वाचून ज्या मालकाचा हात थांबेल, त्याचा हात थांबलेलाच बरा. दुसरी, ज्या डोळ्याला रोग आधीच आहे त्याच्यापासून आरंभ करावा, आणि त्याआधीही मेलेल्या घोड्यांच्या डोळ्यांतून, उपचारात काढलेल्या ऊतींतून जे कळू शकते ते सर्व जाणून घ्यावे. निरोगी डोळ्यात रोग उत्पन्न करणे हा शेवटचा मार्ग असावा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे ही तीन सूत्रे मांडली. त्यांतील पहिल्या सूत्राचा हा साधा अर्थ आहे. तिसरी, ज्याने घोड्याची दृष्टी जाईल असे काहीही दोन्ही डोळ्यांवर करू नये. एका डोळ्याने घोडा बऱ्यापैकी सुखाने जगू शकतो. सवयीच्या जागी, सवयीच्या सोबत्यांबरोबर आंधळा घोडाही जगतो. पण प्रयोगशाळेतले जग सवयीचे नसते.

चौथी अट वेदनेची. डोळ्याचे दुखणे घोडा ओरडून सांगत नाही. २०१४ साली युरोपीय संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून, कानांची ठेवण, पापण्यांचे आवळणे, जबड्याचा ताण यांवरून वेदना मोजण्याची एक पद्धत मांडली. अशी साधने आता हाती असताना ‘तो शांत उभा होता’ हे कारण चालणार नाही. वेदना कोणत्या पातळीला गेली की प्रयोग थांबवायचा, हे प्रयोगाआधी लिहून ठेवावे, आणि थांबवण्याचा अधिकार ज्याची कीर्ती त्या प्रयोगावर अवलंबून नाही अशा पशुवैद्याकडे असावा. पाचवी अट अशी की निष्फळ ठरलेले प्रयोगही प्रसिद्ध करावेत. औषध चालले नाही हा निष्कर्ष कपाटात पडून राहिला, तर दुसऱ्या विद्यापीठात दुसऱ्या घोड्यांवर तोच प्रयोग पुन्हा होतो. मग पहिल्या घोड्यांनी सोसलेले खरोखरच वाया गेले असे म्हणावे लागेल.

या अटींनी संशोधन महाग होईल, मंदही होईल, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. मंद झालेल्या संशोधनाची किंमतही घोडेच मोजतात; आज तबेल्याच्या कोपऱ्यात डोळा मिटून उभ्या असलेल्या घोड्याला आमच्या विवेकाचा काही उपयोग नाही. हा ताण सोडवण्याची युक्ती आमच्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ ती आहे असे ते सांगतात त्यांच्यावर आमचा विश्वास बसत नाही. परंतु अटी न पाळता मिळालेल्या वेगाची किंमत तर एकाच बाजूने मोजली जाते, आणि तीही जिला बोलता येत नाही अशा बाजूने. आमच्या मते मंदपणाच्या बाजूने झुकण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

आणखी एक लहानसा मुद्दा. घरी असताना घोड्याला नाव असते; विद्यापीठात त्याला क्रमांक मिळतो. नोंदीच्या शिस्तीसाठी क्रमांक हवा हे समजते. पण क्रमांकाशेजारी नावही राहू द्यावे, आणि तबेल्यात त्याला त्याच नावाने हाक मारावी. याने विज्ञान बिघडत नाही. नावाने हाक मारलेल्या प्राण्याच्या डोळ्यात सुई घालण्याआधी हात क्षणभर थांबतो, आणि तो थांबावा हेच आम्हांला हवे आहे. त्या क्षणात संशोधकाने स्वतःला विचारावे की या डोळ्यातून मला जे जाणून घ्यायचे आहे ते दुसरीकडून मिळण्यासारखे नाही ना. प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आले तर त्याने काम पुढे न्यावे आणि नीट न्यावे. उत्तर देताना तो अडखळला, तर त्या दिवशी सुई खाली ठेवावी.